तांब्यावरचं नाव

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईने माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढून ओसरीत मांडली होती. एक घंगाळ, बूड गेलेला बंब, दोन पातेली, तीन तांबे, चार-पाच फुलपात्रं. सगळं काळं-हिरवं पडलेलं. नगरच्या भांड्यांच्या दुकानात हे मोडीत घालायचं आणि येतील त्या पैशात थोडी भर घालून पाण्याचा फिल्टर घ्यायचा, असा तिचा बेत होता. (आमचं गाव राहुरी तालुक्यात. जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला, पण आई अजून 'नगरला जाऊन येते' असंच म्हणते.)

माझा काही आक्षेप नव्हता. फिल्टर हवाच होता, बोअरचं पाणी जड आहे. पण त्यातला एक तांब्या मी सहज उचलला आणि तो काही केल्या खाली ठेवावासा वाटेना.

का वाटेना, याचा विचार तेव्हा केला नाही. पुण्याला परतल्यावर केला. माझं कामच असं आहे की दिवसभर लोकांच्या बोटांचा विचार करावा लागतो. अंगठा स्क्रीनवर कुठपर्यंत पोचतो, बटण किती मोठं हवं, माणूस कुठे अडखळतो. तांब्या उचलताना मी कुठेच अडखळलो नव्हतो. चार बोटं मानेच्या खाली आपोआप गेली, अंगठा वर काठाला लागला. कुठे धरायचं हे सांगणारं त्याच्यावर काही नाही. कान नाही, दांडी नाही. तरी लहान मूलही तो चुकीचा धरत नाही.

योगायोग असा, की दिवाळीच्या थोडं आधीच ऑफिसातल्या एका डिझायनर मैत्रिणीने मला ईम्सचा अहवाल वाचायला दिला होता. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन नवरा-बायको, विसाव्या शतकातले फार मोठे डिझायनर. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ते इथे आले, फिरले आणि १९५८ साली त्यांनी एक छोटासा अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. (अहमदाबादला, अहमदनगरला नाही. ही गल्लत आम्हा नगरकरांच्या पाचवीला पुजलेली. माझं एक कुरिअर गुजरात दर्शन करून आलेलं आहे.) या अहवालात ईम्स दांपत्य म्हणतं की भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो लोटा. म्हणजे आपला तांब्या. ताजमहालाच्या देशात येऊन असं म्हणायला धाडस लागतं.

पुढे ते स्वतःला विचारतात, की आज कुणाला लोटा नव्याने डिझाइन करायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल? आणि प्रश्नांची रांगच लावतात. एका खेपेला किती पाणी आणणं सोयीचं? ते कोण आणणार, बाई, पुरुष की मूल, आणि त्यांच्या हातात ताकद किती? डोक्यावरून न्यायचं की कमरेवर? भरलेल्या आणि रिकाम्या भांड्याचा तोल कसा? ओतताना पाणी कसं वाहील? हाताला कसं लागेल, दुसऱ्या भांड्यावर आपटलं तर आवाज कसा येईल? विकताना, देताना कसं वाटेल? मोडीत किती किंमत येईल, हेसुद्धा त्यांनी सोडलेलं नाही. हे वाचताना मला आईचा हिशेब आठवला आणि हसू आलं.

ही यादी वाचून मी तांब्या वजनकाट्यावर ठेवला. रिकामा ६८० ग्रॅम. गळ्यापर्यंत भरून पाहिला, सव्वा लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे भरल्यावर दोन किलोच्या थोडं आत, एका हाताने उचलून ओतता येईल इतकंच वजन. पोट गोल आणि खाली जड, त्यामुळे धक्का लागला तरी तो डुलतो आणि पुन्हा बसतो. मान अरुंद म्हणून चालताना पाणी हिंदकळलं तरी बाहेर सांडत नाही. याच मानेला दोरी बांधून पूर्वी विहिरीतून पाणी शेंदायचे. आणि काठ. मला सगळ्यात भारी वाटतो तो काठ. तो बाहेरच्या बाजूला वळलेला आहे आणि टोकाशी बारीक होत जातो. चहाचं पातेलं कपात ओतताना चहा पातेल्याच्या अंगावरून खाली ओघळतो, हे तुम्ही रोज पाहता. पाणी वळणाला चिकटून वाहतं. काठ पुरेसा बाहेर वळलेला आणि टोकदार असला की त्याला चिकटायला जागाच राहत नाही, धार सुटून पडते. शिवाय ओल्या, साबणाच्या हातातून तांब्या निसटू लागला तर हाच काठ बोटांवर अडकतो. धार सोडायची आणि हातात अडकायचं, अशी दोन कामं एकच वळण करतं आणि त्याचा कुठे गाजावाजा नाही. ज्याला आपण 'नक्षी' म्हणू असं त्या तांब्यावर काहीही नाही.

ईम्सचा मुख्य मुद्दा असा, की हे एका माणसाच्या डोक्यातून निघणं शक्य नाही. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी थोडं बदललं, कुणाचं टिकलं, कुणाचं गेलं, आणि शेवटी हा आकार उरला. हे मला लगेच पटतं. आम्ही रोज ज्या कोडवर उभे असतो तेही असंच अनेकांनी ठिगळं लावत घडवलेलं असतं. उत्तम चालणाऱ्या भागाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तो मोडला की मगच त्याचं नाव ऐकू येतं.

पण एक गोष्ट मला या अहवालात सापडत नाही, आणि ती आमच्या तांब्यावर सरळ लिहिलेली आहे.

चिंच लावून घासल्यावर पोटाच्या वरच्या बाजूला टिंबाटिंबांची अक्षरं दिसू लागली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. पूर्वी छिन्नीने टिंबं पाडायचे, आता दुकानात सुईच्या मशीनने दोन मिनिटांत घालून देतात. त्या तांब्यावर आजीच्या मामाचं नाव होतं, खाली लग्नाची तारीख, आणि मध्ये एका मुलीचं नाव. ते नाव मी ओळखत नव्हतो.

मी आजीला विचारलं, "हे कोण?"

"मीच की," ती म्हणाली. "लग्नात नाव बदललं माझं. हे आधीचं."

सत्तावीस वर्षांत मला आजीचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. आधार कार्डावर नाही, सातबाऱ्यावर नाही, मतदार यादीत नाही. आमच्या घरात ते एकाच जागी लिहिलेलं होतं आणि ती जागा माळ्यावर, पातेल्याच्या आत, काळी पडून होती. (ते नाव इथे लिहू का, असं तिला विचारलं. "कशाला?" म्हणाली. म्हणून लिहीत नाही.)

आता हे नाव डिझाइनच्या बाजूने पाहा. शांत, साध्या वस्तूंचं कौतुक करणारे लोक नेहमी सांगतात की त्यांच्यावर कर्त्याचं नाव नसतं. खरं आहे, तांबटाचं नाव तांब्यावर कुठेच नाही. पण तांब्या निनावी नाही. देणाऱ्याचं नाव आहे, घेणारीचं आहे. त्याचा उपयोगही होता. गावात लग्न निघालं की घराघरांतून भांडी गोळा व्हायची आणि पंगत उठल्यावर नाव वाचून ज्याची त्याला परत जायची. सजावट म्हणून ते नाव आलेलं नाही, भांडं घरी परत यावं म्हणून आलेलं आहे. आज माझ्या टेबलावरच्या प्रत्येक वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव ठळक आहे आणि माझं एकाही वस्तूवर नाही. लॅपटॉपच्या झाकणावरचं चिन्ह तर समोर बसलेल्यासाठी उजळतं किंवा चमकतं. तो लॅपटॉप ऑफिसात अदलाबदल झाला तर आम्ही तो खालच्या स्टिकरवरच्या आकड्यावरून ओळखतो.

मात्र इथे थांबून तांब्याची आरती ओवाळत बसणं मला जमणार नाही, कारण तो मी घासला आहे.

ईम्स अहवालात कौतुकाने लिहितात की खेड्यातल्या बाया चिंच आणि राखेने रोज घासून पितळेचं सोनं करतात. वाक्याचा सूर सुंदर आहे. 'रोज' हा शब्द मात्र त्यात फार सहज येऊन जातो. मी एक तांब्या घासला, पाऊण तास लागला, बोटांची सालं निघाली. आजीने लग्नानंतर वीसेक वर्षं घरातलं सगळं पितळ घासलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला देखभालीचा खर्च म्हणतो, आणि तो कोण भरतं हे विचारल्याशिवाय कुठल्याही रचनेला चांगलं म्हणत नाही. तांब्याचा आकार कमीत कमी मागतो, पण त्याचा धातू रोज वसुली करतो. पातेल्यांचं तर आणखी एक लचांड. आंबट पदार्थ पितळेत कळकतो म्हणून आतून कल्हई लागते. कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा, पांढरा धूर निघायचा. आजी सांगते तेव्हा हे फार रम्य वाटतं. पण कल्हई उडाली आणि कल्हईवाला महिनाभर आला नाही, तर आमटी कशात करायची, हा प्रश्न तिचा होता.

म्हणून स्टील आलं तेव्हा घराघरांतल्या बायकांनी पितळ टाकलं, आणि योग्य केलं. बोहारीण दारात आली की जुनी लुगडी देऊन स्टीलचं पातेलं घ्यायचं, त्यावरून घासाघीस करायची, हा आजीच्या आयुष्यातला मोठा आनंद होता. गंमत अशी, की स्टीलचा तांब्या आला तो पितळी तांब्याचाच आकार घेऊन. पत्रा पातळ, वजन निम्म्याहून कमी, वाजतो भसाड्या आवाजात. पण तीच मान आणि तोच काठ. नावही तेच. त्यात तांबं औषधालाही नाही, आधीच्यात तरी मुख्य धातू म्हणून होतं, तरी तो तांब्याच. आकारातलं जे खरं होतं ते धातू बदलूनही टिकलं. घासण्याची सक्ती तेवढी गेली. माझ्या मते तांब्याच्या इतिहासातली ही सगळ्यात चांगली सुधारणा आहे, आणि डिझाइनवरच्या लेखांत ती अधोगती म्हणून येते.

दुसरी गोष्ट लिहायला जड आहे. आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक तांब्या पालथा घातलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं तो गुरांसाठी आहे. तो शेतावर कामाला येणाऱ्या काही माणसांसाठी होता. सगळ्यांसाठी नव्हे, काही माणसांसाठी. आकार तोच, काठ तोच. इतरांना पाणी वरून, ओंजळीत वाढायचं तेही अशाच तांब्याने, आणि धार सुटून पडते, काठ ओठाला किंवा हाताला लागत नाही, हा जो गुण मी वर इतक्या हौसेने सांगितला, तो तेव्हा नेमका उपयोगी पडत होता. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं, त्याला लवकरच शंभर वर्षं होतील. आमच्या कोनाड्यातला तांब्या मी स्वतः पाहिलेला आहे. त्यावर कुणाचंही नाव नव्हतं.

ईम्सच्या लांबलचक यादीत हात किती मोठा, किती ताकदीचा, हे सगळं आहे. कुणाचा हात लागलेला चालतो, हा प्रश्न माझ्या वाचण्यात आला नाही. त्यांना दोष देत नाही, पाहुण्याला कोनाडा दाखवत नाहीत. पण आपण घरचे लोक जेव्हा तांब्याच्या 'साधेपणा'वर इन्स्टाग्रामवर लिहितो, तेव्हा एवढं तरी आठवायला हवं. बोलक्या वस्तूवर निदान पाटी असते. गप्प वस्तू कुठल्याही घरात निमूटपणे वागवता येते.

साधेपणाची सध्या बरीच चलती आहे. २००६ साली जॅस्पर मॉरिसन आणि नाओतो फुकासावा या दोन डिझायनरांनी टोकियोत एक प्रदर्शन भरवलं होतं, 'सुपर नॉर्मल' नावाचं. लक्षात न येणाऱ्या, पण हाताला रोज बऱ्या वाटणाऱ्या वस्तू त्यात मांडल्या होत्या. कल्पना मला आवडते. पण त्याच कल्पनेचा बाजारातला अवतार पाहा. पुण्याच्या मॉलमध्ये मी तांब्याची पाण्याची बाटली पाहिली. सरळसोट नळकांडं, मॅट फिनिश, खाकी खोका, किंमत अडीच हजार. खोक्यावर 'साधेपणा'विषयी तीन परिच्छेद. हातात घेतली तर धरायला जागा नाही, ओली झाली की सटकते, आत ब्रश जात नाही. आमच्या माळ्यावरच्या तीन तांब्यांतला एक फिरकीचा आहे, प्रवासाला न्यायचा, झाकणाला आटे पाडलेले, उलटा केला तरी थेंब गळत नाही. तो कुठल्याशा कारागिराने हाताने बनवला आणि त्याच्यासोबत एकही परिच्छेद आला नाही.

साधेपणा बोलून दाखवावा लागला की माझा संशय वाढतो. उलट, नगरमध्येच बनलेली एक वस्तू मला खरी साधी वाटते, ती म्हणजे लूना. १९७२ मध्ये कायनेटिकने ती आणली, ५० सीसीचं इंजिन, आणि खाली चक्क सायकलची पायडलं. पेट्रोल संपलं तर पाय मारत घरी या. रॉकेटसारखं दिसण्याचा काडीचाही प्रयत्न नाही. आमच्या तालुक्यात लूनावरून दुधाच्या किटल्या गेल्या, घासाचे भारे गेले, मुलांसकट अख्खी घरं गेली. २०२४ मध्ये तिचा विजेवरचा अवतार आला. तो मी चालवलेला नाही, म्हणून गप्प बसतो.

आता माझं पाप. मी ज्या ॲपवर काम करतो त्यातून गावोगावच्या दूध संकलनाचे हिशेब शेतकऱ्यांच्या फोनवर जातात. गेल्या वर्षी आमच्या टीमने ठरवलं की पैसे जमा झाले की स्क्रीनवर रंगीत कागदांचे तुकडे उडावेत, मध्ये मोठी बरोबरची खूण यावी. वापरणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून. ते उडणारे कागद मी लिहिले. दोन दिवस लागले, त्यांच्या गुरुत्वाकर्षणावर मी मेहनत घेतली होती. कौतुकही झालं.

दिवाळीत वडिलांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. "हे काय फुटतंय? पैसे आले का गेले?"

खालची रक्कम तुकड्यांआड झाकली जात होती. त्यांच्या जुन्या फोनवर तो खेळ अडखळत चार-पाच सेकंद चालायचा, आणि तोवर त्यांनी घाबरून ॲप बंद केलेलं असायचं. ते मग संकलन केंद्रावरची कागदी चिठ्ठी पाहायचे. बोटभर रुंदीची ती चिठ्ठी मी खिशात घालून आणली आहे. तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. फिकट शाई, एकाच मापाची अक्षरं. वडील चष्मा न लावता ती वाचतात, कारण कुठल्या ओळीत काय आहे हे त्यांच्या डोळ्यांना पाठ आहे. कुणी ओळींचा क्रम बदलला नाही, एवढंच त्या चिठ्ठीचं डिझाइन. आणि मी इंजिनिअर झाल्यावर त्यांच्यासाठी काय केलं, तर त्यांच्या पैशांवर फटाके उडवले.

ऑफिसात मी ते काढून टाकायचं सुचवलं. "मग स्क्रीन फारच रिकामी दिसेल," असं उत्तर आलं. दोन आठवडे वाद झाला. शेवटी तडजोड अशी, की रक्कम आधी येते, मोठ्या अक्षरात, आणि तुकडे तिच्या मागे उडतात. जुन्या फोनवर ते उडतच नाहीत. मी पूर्ण जिंकलो नाही.

तांब्याचं काय झालं? मी आईला म्हटलं, बाकीचं मोडीत घाल, हा मला दे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेल्फवर ठेवतो. आजीला वाटेल नातवाला कळवळा आला, अशी माझी समजूत. ती म्हणाली, "शेल्फावर? तिथं काय पूजा मांडायची का त्याची? घाल मोडीत." मग थोड्या वेळाने, "न्यायचा तर पाण्याला ने."

घंगाळ आणि पातेली गेली. घंगाळावर तांबटाच्या हातोडीचे ठोके होते, एकाला एक लागून, हजारो. त्याला मठारणं म्हणतात. त्या ठोक्यांनी तांब्याचा पत्रा टणक होतो आणि चमकतोही. दुकानदाराने ते काट्यावर टाकलं, ठोक्यांचे वेगळे पैसे नाहीत. फिरकीचा तांब्या आईने शेवटच्या क्षणी पिशवीतून परत काढला. का, ते तिने सांगितलं नाही. फिल्टर आता भिंतीवर आहे, त्याचा निळा दिवा रात्रभर जळतो आणि आजी त्यावर फडकं टाकून झोपते.

माझा तांब्या उशाशी असतो. त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र दुसऱ्याच जोडीतलं आहे, नीट बसत नाही, रात्री बस गेली की खुळखुळतं. आठ दिवसांत पितळ पुन्हा काळवंडलं. मी लिंबू-मीठ लावून बाहेरून घासलं, पण आतला थर निघेना. आजीला फोन केला.

"आत हात जातो का तुझा?"

"नाही जात. गळ्याशी अडकतो."

"माझा जायचा," ती म्हणाली. "काथ्या घे आन् थोडी वाळू टाक आत. नुसतं हलव."